परड्यातलं सामान आणि कृष्णेचं पाणी

आक्का, मावशी, वहिनी आणि माझ्या धाकट्या बहिणींनो, मिरग लागलाय. कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी भांगलणीहून येऊन पाय धूत असेल. हातातलं काम सोडू नका, फक्त कान इकडं ठेवा.

मी बचत गटांची समन्वयक आहे. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत गटांच्या बैठका घेणं, वह्या तपासणं, कर्जाची प्रकरणं भरून देणं हे माझं काम. आज मी कर्जाबद्दल नाही, पुराबद्दल बोलणार आहे. पण पुरात घर कसं वाचवायचं यावर नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे घराच्या बाहेरच्या गोष्टींवर. कोंबड्यांचं खुराडं, शेळ्यांची छपरी, पाण्याची टाकी, संडास, न्हाणी, जळण, शेणकुटांचा हुडवा, वैरणीची गंजी. पाणी चढायला लागलं की घरातले पुरुष नदीवर मोटारी काढायला धावतात. धान्य, कागदपत्रं, टीव्ही माळ्यावर जातो. परड्यातलं सगळं बाईवर राहतं, आणि तिला तर म्हातारी माणसं आणि पोरं पण सांभाळायची असतात. म्हणून परडं शेवटी राहतं, आणि शेवटी राहिलेलं वाहून जातं.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगते.

२०१९ च्या आधी आमच्या एका गटातल्या एका आक्कांनी गावठी कोंबड्यांसाठी कर्ज घेतलं. मालक वारलेले, पदरात दोन मुली. प्रकरण मीच भरलं. शेड किती बाय किती, पक्षी किती, खाद्याचा खर्च किती, सगळे रकाने मी माझ्या हातानं लिहिले. शेड कुठं बांधायचं हेही मीच सांगितलं. परड्याच्या खालच्या अंगाला नळ होता, पाणी जवळ पडेल म्हणून तिथं. ऑगस्टमध्ये पाणी आलं. आक्का म्हणाल्या, २००५ ला आमच्या परड्यात पाणी नव्हतं, आताही येणार नाही. रात्री गाव हलवायला लागलं तेव्हा चोरीच्या भीतीनं त्यांनी शेडला कुलूप घातलं आणि मुलींना घेऊन छावणीत आल्या. पाणी आलं, आणि आठवडाभर हललं नाही. चाळीस कोंबड्या त्या कुलपाआड बुडाल्या. किल्ली छावणीत आक्कांच्या कमरेला होती.

पूर ओसरल्यावर पहिल्या बैठकीला आक्का हप्ता घेऊन आल्या. मी म्हटलं, आक्का, राहू दे, गट थांबेल. त्या म्हणाल्या, "हप्ता मी भरते ताई. पण एवढे कागद भरलेस, पाणी आलं तर काय करायचं ते एकदाही विचारलं नाहीस."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानंतर मी विचारायला सुरुवात केली. जाणत्या गवंड्यांना, वायरमनला, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना, आणि सगळ्यात जास्त आपल्याच बायकांना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा त्यातलं काय चाललं, काय फसलं, ते बघायला मिळालं. तेच आज सांगते.

पहिली गोष्ट, आपला पूर कसा आहे ते ओळखायचं. कोकणातल्यासारखा आपला पूर दोन तासांत अंगावर येत नाही. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. सगळ्या नद्या एकदम भरल्या की पाण्याला पुढं जायला वाट पुरत नाही आणि ते मागं फुगतं. म्हणून आपलं पाणी हळूहळू चढतं, आणि चढलं की दिवसेंदिवस बसून राहतं. यात एक चांगलं आहे आणि एक वाईट. चांगलं हे की आपल्याला बहुतेक वेळा एक-दोन दिवस मिळतात. वाईट हे की आठ दिवस पाण्यात बसलेली वस्तू भिजून, फुगून, कुजून जाते.

मग हे एक-दोन दिवस मोजायचे कसे? रेडिओवर, मोबाइलवर रोज आकडा सांगतात. सांगलीच्या आयर्विन पुलाला चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. हे आकडे आपण ऐकतो, पण आपल्या परड्यात पाणी कितीला येतं हे त्यात कुणी सांगत नाही. ते आपणच लिहून ठेवायचं. या पावसाळ्यात पाणी चढेल तेव्हा बघा, आपल्या पाणंदीला पाणी लागलं तेव्हा आकडा किती होता, परड्याच्या कोपऱ्याला लागलं तेव्हा किती, पायरीला लागलं तेव्हा किती. दाराच्या मागं खडूनं नाही, ऑइलपेंटनं लिहा. २०१९ ची आणि २०२१ ची रेघ भिंतीवर अजून दिसत असेल तर तीही रंगवून घ्या. आमच्या घरी पाणंद आणि परडं यांच्यात चार फुटांचा फरक निघाला. म्हणजे पाणंद बुडाली की माझ्या हातात किती वेळ आहे ते मला कळतं. ज्या गावाला जो आकडा जवळचा, तो धरा.

आता परड्यात उभं राहून प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारायचे. ही तरंगेल का? ही भिजून जाईल का? ही आडवी होईल का?

आधी तरंगणाऱ्या वस्तू. पाण्याची प्लॅस्टिकची टाकी रिकामी असली की आपल्याला हलकी वाटते, पण पाण्यात ती फार जोरानं वर येते. पाचशे लिटरची रिकामी टाकी पूर्ण बुडवायची म्हटली तर जवळजवळ पाचशे किलोचा भार लागेल. तेवढ्या जोरानं ती वर उसळते, जोडलेला पाइप मोडते आणि निघते. २०१९ ला आमच्या गल्लीतली एक टाकी अशीच सुटली आणि शेजारच्या न्हाणीची भिंत पाडून गेली. म्हणून पूर येणार असं कळलं की टाकी स्वच्छ पाण्यानं काठोकाठ भरायची, झाकण आवळायचं, नळाची चावी बंद करायची. भरलेली टाकी पाण्यात वर उसळत नाही. पण ती जडही राहत नाही, प्रवाहानं सरकू शकते. म्हणून वरून दोराची फुली घालून दोन बाजूंना पक्कं बांधायचं. दोर कसला? २०२१ ला आम्ही कपडे वाळत घालायची दोरी वापरली आणि ती तुटली. बैलाच्या कासऱ्याएवढा नायलॉनचा दोर पाहिजे, आणि तो बांधायला झाड किंवा सिमेंटात गाडलेली लोखंडी कडी पाहिजे. काळ्या मातीत ठोकलेली खुंटी भिजली की लोण्यातून सुरी निघावी तशी निघते.

गॅसची टाकीसुद्धा तरंगते. भरलेली असली तरी. रेग्युलेटर काढून, टोपी लावून ती घरात उंचावर ठेवा किंवा सोबत न्या. जळणाचे ओंडके, रिकामी बॅरल, पिंप, लाकडी बाज, हे सगळं तरंगतं आणि दुसऱ्याच्या भिंतीवर जाऊन आपटतं. पिंपं भरून ठेवा, ओंडक्यांवर दोर टाकून झाडाला बांधा. आपलं वाचतं आणि शेजारचंही वाचतं.

आता भिजणाऱ्या वस्तू. वैरण, शेणकुटं, कोंबडीखाद्य, सरकी पेंड. गंजी जिथं लावतो ती जागाच उंच निवडायची. गंजीच्या खाली दगडांचा थर हवा, म्हणजे थोड्या पाण्यात बूड कुजत नाही. मोठ्या पुरात गंजी वाचत नाही, हे खरं सांगते. म्हणून निदान चार-पाच दिवसांची वैरण आणि जळण उंचावरच्या पाहुण्यांकडं आधीच नेऊन ठेवा. पुरात भिजलेली, बुरशी आलेली वैरण जनावरांना घालू नका. वाया गेली म्हणून जीव तुटतो, पण जनावर गेलं तर वैरणीपेक्षा मोठं नुकसान आहे. कोंबडीखाद्याचंही तसंच.

शेतात मारायची औषधं आणि खतं बऱ्याच घरांत परड्यातल्या छपरीत ठेवलेली असतात. पाणी यायच्या आधी सगळ्यात पहिल्यांदा ती हलवा. ती बाटली फुटली तर विष आपल्याच आडात जातं, आणि शेजारच्यांच्याही.

तिसरं, आडव्या होणाऱ्या गोष्टी. खुराडं, शेळ्यांची छपरी, न्हाणी, पत्र्याचं शेड. बायका म्हणतात, ताई, चारी बाजू घट्ट बंद करा म्हणजे पाणी आत शिरणार नाही. पाणी शिरतंच. बंद केलं तर पाण्याचा सगळा जोर भिंतीवर येतो आणि भिंत पडते. म्हणून पाण्याला वाट द्यायची. नवीन खुराडं बांधताना खाली विटांचं काम फूट-दीड फूटच ठेवा, त्यात जागोजागी एकेका विटेची भोकं सोडा, वर जाळी. खांब लोखंडी पाइपचे आणि दोन फूट खोल खड्ड्यात सिमेंट-खडीनं भरलेले. पत्रे हुकानं आणि वॉशरनं घट्ट बसवलेले. नुसता वर दगड ठेवलेला पत्रा पुराच्या आधीच्या वाऱ्यातच जातो.

जाळीचं पण एक आहे. पुराच्या पाण्याबरोबर केंदाळ येतं, उसाचं पाचट येतं. ते जाळीत अडकलं की जाळीचीच भिंत होते आणि पूर्ण शेड ओढून नेते. २०२१ ला आमच्या गटातल्या एका वहिनींनी पाणी ज्या बाजूनं येतं आणि ज्या बाजूनं जातं, त्या दोन्ही बाजूंची जाळी सोडून वर गुंडाळली. पोत्यांचे पडदे काढून घेतले. दार सताड उघडं ठेवून दोरानं बांधलं. शेड आठ दिवस पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर चिखल काढला, जाळी खाली सोडली, झालं. शेजारच्या बंद शेडचे पत्रे उसात सापडले.

आणि कोंबड्या? शेड तिथंच राहील, कोंबड्या हलवायच्या. पाणंदीला पाणी लागलं की त्याच दिवशी संध्याकाळी. अंधार पडायच्या वेळी कोंबड्या आपोआप बसतात, पकडायला सोप्या जातात. डालगी, फळांचे प्लॅस्टिकचे क्रेट, काहीही चालतं, फक्त हवा खेळली पाहिजे आणि दाटी नको. कुठं न्यायच्या ते आजच ठरवा, त्या दिवशी नाही. उंचावर राहणाऱ्या गटातल्या बाईशी आधी बोलून ठेवा. शेळ्यांचंही तसंच. वाडीला पाणी चढायला लागलं की दत्तांची उत्सवमूर्तीसुद्धा वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. तिथं देव हलवायला कुणी कमीपणा मानत नाही, मग आपण कोंबड्या हलवायला "लोक हसतील" म्हणून का थांबायचं? माझी एक मावशी दोनदा हलवल्या आणि पाणी आलंच नाही म्हणून हिरमुसली होती. मी म्हटलं, मावशी, दोन वेळचा टेम्पोचा खर्च आणि चाळीस पक्षी यांची बेरीज करून बघा.

हलवायला जमलंच नाही, तर कुलूप लावू नका. दार उघडा, जनावराचं दावं सोडा. सुटलेलं जनावर उंचवटा शोधतं. बांधलेलं जनावर बुडतं.

आता संडास. याबद्दल बोलायला आपण लाजतो, पण पूर उतरून घरी आल्यावर बाईला पहिली गरज त्याचीच असते. पुराच्या दिवसांत आडोसा नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या, पोट दुखवून घेणाऱ्या बायका मी छावणीत बघितल्या आहेत. पाणी येणार कळलं की वाळूनं भरलेलं छोटं पोतं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भांड्यात दाबून बसवा, म्हणजे टाकीतली घाण उलटी वर येत नाही. शोषखड्ड्याची आणि सेप्टिक टाकीची झाकणं सिमेंटनं किंवा निदान चिकणमातीनं लिंपून घ्या. पुराच्या तोंडावर सेप्टिक टाकी उपसून रिकामी करू नका. रिकामी टाकी भोवतीच्या ओल्या मातीत वर उचलली जाते, तडकते. उपसायची असेल तर उन्हाळ्यात उपसा. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घाला, दार उघडं ठेवून बांधा. पत्र्याचं असो वा लाकडाचं, बंद दार पाण्यानं फुगून अडकतं किंवा निघून जातं.

आड किंवा बोअर असेल तर बोअरचं तोंड टोपीनं पक्कं बंद करा. पूर उतरल्यावर ते पाणी लगेच पिऊ नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवून औषध टाकून घ्या, तोवर टँकरचं पाणीही उकळून प्या.

विजेचं थोडक्यात. गोठ्यातला, परड्यातला बल्ब, कडबाकुट्टीचं मशीन, पाण्याची मोटार, यांची वायर आणि बोर्ड पूररेघेच्या वर घ्या. हा खर्च एकदाच होतो. घर सोडताना मेन स्विच बंद करा. पण पायाखाली पाणी आलेलं असेल तर स्विचला हात लावायला जाऊ नका. वायरमनला कळवा. पाणी उतरल्यावर मोटार आणि बोर्ड वाळवून, वायरमनला दाखवूनच चालू करा.

आणखी एक काम, ते आज रात्रीच करा. मोबाइलवर परड्याचे फोटो काढा. शेड, कोंबड्या, शेळ्या, टाकी, गोठा, सगळ्यांचे, आणि फोटोत स्वतः उभ्या राहा. मुलीला सांगा, एक प्रत मामाच्या मोबाइलवर पाठवून ठेव. पंचनाम्याच्या वेळी तलाठी, ग्रामसेवक विचारतात काय होतं, तेव्हा बाई सांगते आणि दाखवायला काही नसतं. पाणी उतरल्यावर साफसफाईच्या आधी पुन्हा फोटो काढा. मेलेल्या पक्ष्यांची, जनावरांची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्या आणि मगच पुरा. आणि आवरायला जाल तेव्हा हातात काठी घ्या. छपरीच्या वाशांत, पत्र्याखाली साप येऊन बसलेले असतात.

आता पैशांचं. दोर, कड्या, क्रेट, टेम्पोचं भाडं हे त्या दिवशी कुणाच्याच हातात नसतं. आमच्या गटांनी मासिक बचतीबरोबर प्रत्येकीनं दहा रुपये जास्त टाकायचं ठरवलं. त्याला आम्ही पूरपेटी म्हणतो. अकरा बायका, वर्षाला तेराशे वीस रुपये. त्यातून जाड दोराचं एक बंडल आणि टेम्पोची एक फेरी होते. रक्कम मोठी नाही, पण पाणी चढताना कुणाकडं मागायला जावं लागत नाही. दोर गटाच्या अध्यक्षांच्या घरी असतो, आणि अध्यक्ष उंचावर राहणाऱ्या असाव्यात हेही आम्ही ठरवून घेतलं.

शेवटी एक सांगते, ते नीट ऐका. मी इतका वेळ वस्तू वाचवायला सांगितलं. पण वेळ संपली की सोडून द्यायचं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटली, ते आपण कुणी विसरलेलो नाही. गाव सोडायला सांगितलं की सोडायचं, पहिल्या फेरीत, दिवसाउजेडी. राहिलेल्या शेळीसाठी कमरेएवढ्या पाण्यात परत जायचं नाही. ही सगळी तयारी आधी करायची ती याचसाठी, की त्या वेळी मागं वळून बघायची पाळी येऊ नये.

आक्कांचं कर्ज फिटलं. त्यांनी पुन्हा शेड बांधलं, परड्याच्या वरच्या अंगाला, नळापासून लांब. पाणी डोक्यावरून आणावं लागतं, त्याबद्दल त्या मला अजून बोलतात. २०२१ ला त्यांच्या कोंबड्या दोन दिवस आधी नणंदेच्या माळावर पोहोचल्या होत्या. शेडला कडी आहे, कुलूप नाही.

आणि मी आता कोणतंही प्रकरण भरताना छापील रकान्यांच्या खाली पेनानं एक ओळ लिहिते: २०१९ ला इथं पाणी कुठवर होतं? बाई उत्तर देईपर्यंत मी सही घेत नाही. तुमच्या गटात प्रकरण भरलं जाईल तेव्हा तुमच्या ताईनं हे विचारलं नाही, तर तुम्हीच तिला विचारा.

मिरग लागलाय, अजून वेळ आहे. या आठवड्याच्या बैठकीत वही उघडायच्या आधी एकमेकींच्या परड्यातून एक चक्कर मारा. तरंगेल काय, भिजेल काय, आडवं होईल काय, एवढंच बघा. काही विचारायचं असेल तर आपल्या गावच्या ग्रामसंघाच्या बैठकीत विचारा, मी येतेच आहे.